मशीनच्या नावावर फाडलेली पावती

शगुफ्ताला राग आला की ती भांडी आपटत नसे, तोंडही सोडत नसे. ती ब्लोअर काढायची, कॉम्प्युटरचं झाकण उघडायची आणि आतली धूळ उडवत बसायची. राजुऱ्यात धुळीला काय तोटा! कोळशाचे ट्रक दिवसभर रस्ता घुसळत असतात. सकाळी पुसलेलं टेबल दुपारी काळं. त्यामुळे ब्लोअर सुरू झाला की अयूबभाई पुढच्या दुकानातून मान वळवून अंदाज घेत, ही लेकीची साफसफाई आहे की संताप. २००८ सालच्या त्या सप्टेंबरात ब्लोअर सकाळ-संध्याकाळ चालला, आणि साफसफाईशी त्याचा काही संबंध नव्हता.

दुकान अयूबभाईंचं. मंडप, भोंगे, लायटिंग. मागच्या खोलीत मात्र शगुफ्ताचं राज्य. भिंतींना जुन्या कनाती आणि फाटक्या गाद्या ठोकून तिने तिथे रेकॉर्डिंगची सोय केली होती. आसपासच्या गावांतल्या भजनी मंडळांची, कव्वाली पार्ट्यांची, निवडणुकीत ऑटोवर वाजणारी, सगळी गाणी आधी कॅसेटवर आणि मग सीडीवर याच खोलीतून गेलेली. मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, खाणीच्या ऑफिसने लिलावात काढलेली, तिच्यात विंडोज अठ्ठ्याण्णव. पण त्या म्हातारीच्या पोटात खरं धन होतं: आठ माइक एकदम घेणारं साउंड कार्ड. नागपूरची एक ऑर्केस्ट्रा पार्टी मोडली तेव्हा शगुफ्ताने ते पदरात पाडून घेतलं होतं. कार्ड बनवणारी कंपनी पुढे गाशा गुंडाळून गेली, आणि जाताना कार्डाला अठ्ठ्याण्णवशिवाय दुसऱ्या कुणाशी बोलायला शिकवून गेली नाही. मशीनमध्ये नवी एक्सपी टाकली की कार्ड मुकं. कार्ड बदलायचं तर मशीन बदला, मशीन बदलायची तर सगळंच बदला. आणि कशासाठी बदला? चालत होतं की! इतक्या वर्षांत त्या मशीनने एक गाणं बुडवलं नव्हतं.

घोडं अडलं ते अंजनाबाईंच्या गाण्यांपाशी.

अंजनाबाई चुनाळ्याच्या. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत दुसऱ्यांच्या बांधीत मजुरीला, आणि बाकीचं वर्ष स्टेजवर. भीमगीतं गाणारी बाई म्हणून राजुरा-गोंडपिपरीकडे त्यांचं नाव लहान पोरालाही ठाऊक. छप्पन साली बाबासाहेब चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, दीक्षा द्यायला आले, तेव्हा त्यांची आई चुनाळ्याहून चालत गेली होती, नावेतून वर्धा ओलांडून, आणि अंजनाबाई होत्या तिच्या कडेवर, पाच-सहा महिन्यांच्या. आईकडून ऐकलेल्या त्या वाटेवर त्यांनी पाच गाणी बांधली होती. 'कडेवर मी होती, माय चालत होती' असं पहिल्या गाण्याचं तोंड. दर सोळा ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर लोकांचा समुद्र लोटतो, सीडीवाल्यांची दुकानं लागतात, आणि त्या दुकानांवर कधीतरी आपल्या आईची वाट आपल्याच आवाजात वाजावी, एवढी एकच गोष्ट बाईंना हवी होती. पंचवीस वर्षं त्यांचा आवाज भोंग्यांतून गेला आणि हवेत विरला. सीडी एकही नाही.

त्या वर्षी नागपूरची एक कंपनी सीडी काढायला तयार झाली. तयार कुणी केली, तर राजदीपने. राजदीप बल्लारपूरचा. नऊ-दहा वर्षांचा असताना अंजनाबाईंच्या पार्टीत कोरसला बसायचा. ताल कसा धरायचा, श्वास कुठे चोरायचा, सगळं त्यांच्याकडून शिकलेला. आता तो नागपुरात संगीत संयोजक होता आणि कपाळावर गॉगल चढवून फिरत होता. त्याने पाचही गाण्यांचं म्युझिक बसवून सीडी पाठवली आणि फोनवर अट घातली.

"ताई, आवाज याच सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचा. याच प्रोजेक्टमध्ये. नवीन व्हर्जन आहे, सोबत दिलंय."

"बाईच येतील ना नागपूरले," शगुफ्ता म्हणाली. "तुमच्या स्टुडिओत गातील."

"दिवाळीपर्यंत तारीखच नाही. सोळा ऑक्टोबरला सीडी बाजारात पाहिजे. महिनाअखेर आवाज आला नाही, तर कंपनीचे साहेब म्हणतात, इथल्या कोण्या मुलीकडून गाऊन घेऊ."

"बाईंची गाणी दुसरी कोणी गाईल?"

"मी काय करू ताई? कंपनी आहे."

शगुफ्ताने सॉफ्टवेअरची सीडी आत ढकलली. मशीनने थोडा विचार केला आणि एक पाटी समोर धरली: हा प्रोग्राम तुमच्या विंडोजवर चालत नाही. नवीन आवृत्ती घ्या. खाली एकच बटण, ओके. म्हणजे अपमानही करायचा आणि वर 'बरं' म्हणवून घ्यायचं! काय म्हणावं या लोकांना? गाणं तेच, गळा तोच, कार्ड तेच, वीज त्याच खांबावरची. मग कुणीतरी दूर बसून ठरवणार, की या तारखेपासून राजुऱ्याची ही मशीन मेली? आणि मेलेल्या मशीनसमोर बसून शगुफ्ता रोज काम करते, ते काय भुताचं?

तिने हेल्पलाइनला फोन लावला. बराच वेळ फोनमध्ये नुसती पेटी वाजवून झाल्यावर एक गोड मुलगी आली.

"मॅडम, आपका सिस्टम सपोर्टेड नहीं है."

"क्यों नहीं है?"

"पुराना है मॅडम."

"पुराना है तो क्या हुआ? चलता है!"

"मॅडम, आप अपग्रेड कर लीजिए. और कुछ सहायता कर सकती हूँ?"

आणखी सहायता! आधी कोणती केली होती? शगुफ्ताने फोन ठेवला आणि ब्लोअर काढला. रमजानचा महिना, रोजा होता. रोज्यात राग करू नये हे तिला अब्बांनी लहानपणीच शिकवलं होतं, पण ज्यांनी हा नियम केला त्यांना हेल्पलाइन लागली नसावी.

तिने राजदीपला पुन्हा फोन केला. "मी माझ्या जुन्या सॉफ्टवेअरवर घेते. नुसता आवाज वेगळा काढून पाठवते. तुम्ही तुमच्याकडे म्युझिकवर बसवा."

"नाही ताई, ते तालातून हलतं. प्रोजेक्टच पाहिजे." मग जरा थांबून, मवाळ आवाजात, "तुमच्याकडे नसेल जमत तर राहू द्या. मी बाईला समजावतो. मशीनचा प्रॉब्लेम आहे म्हणून सांगतो. तुमच्यावर कोणी रागावणार नाही."

त्याचा तो मवाळपणा तिला मिरचीसारखा झोंबला. जमत नाही? तिला?

अजीम म्हणजे तिच्या मामूचा मुलगा. बसस्टँडजवळ त्याचा सायबर कॅफे होता. तिथे बसून तिने इंटरनेट खणायला सुरुवात केली, आणि बघते तर काय, जगात तिच्यासारखे हट्टी लोक पुष्कळ! कुठे पोलंड, कुठे ब्राझील. सगळे जुन्या अठ्ठ्याण्णवला कवटाळून बसलेले, आणि एकमेकांना शिकवणारे की नव्या प्रोग्रामला गंडवून आत कसं घ्यायचं. तिने मोडक्या इंग्रजीत आपलं रडगाणं मांडलं. एकाने सविस्तर उपाय लिहिला. दुसऱ्याने मात्र विचारलं, एवढी खटपट कशाला? साधी आवाजाची फाइल कुठलाही स्टुडिओ घेतो. शगुफ्ताने उत्तर दिलं, आमचे संगीतकार म्हणतात चालत नाही. आणि तिला त्या माणसाचाच जरा राग आला. नागपूरच्या संगीतकाराला कळत नाही आणि याला कळतं!

उपाय असा होता: सॉफ्टवेअर आधी एक्सपीवर बसवायचं. मग बसलेलं सगळं सामान उचलून अठ्ठ्याण्णववर आणायचं, म्हणजे दारावरच्या शिपायाशी हुज्जतच नको. अजीमच्या मशीनवर ती एक्सपी होती. तिथे रेकॉर्डिंग होण्यासारखं नव्हतं, कारण त्या मशीनच्या माइकमध्ये आवाजाआधी गुणगुण यायची. पण सामान तिथून आणता आलं. शगुफ्ताने ते आणलं, आपल्या मशीनवर ओतलं, सुरू केलं. पाटी आली: अमुक एक फाइल सापडत नाही. पुन्हा बसस्टँड, पुन्हा अजीम, ती फाइल घेतली, आली. पाटी: तमुक फाइल सापडत नाही. पुन्हा बसस्टँड. मध्येच लोडशेडिंग. वीज येईपर्यंत अजीमच्या पायरीवर बसायचं, तोंडाला कोरड, समोरून ट्रक, आणि ट्रकांच्या धुळीतून येणारे-जाणारे विचारणार, "काय व, काय करून राह्यली इथी?"

"आपा, नई मशीन ले लो ना," अजीम म्हणाला.

शगुफ्ताने त्याच्याकडे असं पाहिलं, की पुढचे दोन दिवस त्याने मशीन हा शब्द काढला नाही.

आणि एका सकाळी ते सुरू झालं. धड नाही. अर्धी अक्षरं गायब, बटणांच्या जागी काळे ठोकळे, कुठे काय आहे ते अजीमच्या पडद्यावर बघून पाठ करावं लागलं. पण राजदीपचं म्युझिक वाजलं, आणि माइकसमोर चुटकी वाजवली तर पडद्यावर आवाजाची रेघ धावली. शगुफ्ताने पुढे जाऊन अब्बांना ओढत आणलं. अयूबभाईंना त्यातलं काही कळलं नाही, पण लेकीचा चेहरा पाहून त्यांनी माशाल्लाह म्हटलं. एकच खोड उरली. एका गाण्याच्या पुढे ते टिकायचं नाही. गाणं संपल्याबरोबर साठवून घ्यायचं, उशीर झाला की पडदा निळा, आणि झालेलं सगळं पाण्यात.

अंजनाबाई दुसऱ्याच दिवशी आल्या. लटारूभाऊंच्या मोटरसायकलवर मागे बसून, मांडीवर पेटी धरून. लटारूभाऊ चुनाळ्याच्या मंडळाचे अध्यक्ष. बाईंचा कार्यक्रम असेल तिथे पहिल्या रांगेत त्यांची जागा ठरलेली. ते इथेही पहिल्या रांगेतच बसले, म्हणजे माइकपासून हातभर अंतरावर, सतरंजीवर.

"दुपारी खाणीत ब्लास्टिंग होते," शगुफ्ता म्हणाली. "त्याच्या आत सारं उरकाचं. आन बाई, एक गानं म्हणजे एकच गानं. मुखडा पुन्हा-पुन्हा घ्याचा नाई."

"आन लोकाइनं वन्स मोअर म्हटलं त?"

"इथी लोक नाईत ना बाई."

"लटारूभाऊ हाय ना."

झालं तसंच. पहिल्या गाण्याचा शेवट आला, लटारूभाऊंच्या तोंडून "व्वा!" निघालं, आणि बाईंनी आपोआप मुखडा पुन्हा उचलला. पडदा निळा झाला. शगुफ्ताने कपाळाला हात लावला. दुसऱ्यांदा बाईंचा गळाच सुकला. तांब्या शेजारी भरलेला, पण त्या हात लावेनात.

"पानी घ्या ना बाई."

"तुहा रोजा हाय. तुह्यासमोर कशी पिऊ?"

"मी तिकडं तोंड करून बसते. प्या."

"तोंड फिरवल्यानं तहान फिरते काय व?" बाई म्हणाल्या. शेवटी शगुफ्ता दाराबाहेर जाऊन उभी राहिली, तेव्हा कुठे त्या दोन घोट प्यायल्या. मग त्या उभ्या राहिल्या, पदर खोचला, डोळे मिटले, आणि गायल्या.

ते गाणं शगुफ्ताने याआधी भोंग्यावर शंभरदा ऐकलं असेल. पण बंद खोलीत, कानावर हेडफोन लावून, एवढ्या जवळून पहिल्यांदाच. आवाज खरबरीत होता, काठ झिजलेला होता, आणि 'माय चालत होती' म्हणताना तो खरंच चालत होता. शगुफ्ताचे डोळे पडद्यावर होते, जीव टांगणीला लागलेला, की आता हे निळं होतं की मग. बाजूला लटारूभाऊ हलले, खिशात हात घातला, पेटीवर काहीतरी ठेवलं. गाणं संपलं. तिने साठवलं. साठलं! पुढची गाणीही एकेक करून साठली. ब्लास्टिंगचा हादरा आला तेव्हा बाई पेटी बांधत होत्या.

जाताना त्यांनी त्या जुन्या मशीनवर हात ठेवला. "बुढी हाय, पन दमदार हाय," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या.

प्रोजेक्टची सीडी त्याच संध्याकाळी कुरिअरने नागपूरला गेली. दोन-तीन दिवसांनी इफ्तारनंतर शगुफ्ताने अब्बांना पहिलं गाणं मोठ्या कौतुकाने ऐकवलं. अयूबभाई डोळे मिटून मान डोलवत होते. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर त्यांनी डोळे उघडले आणि हसू लागले.

"क्या हुआ?"

"फिरसे लगा."

तिने पुन्हा लावलं. आई नावेत बसली, नाव वर्धेच्या मधोमध आली, आणि तिथे, ताल न सोडता, सुरातच, अंजनाबाई म्हणत होत्या: "चुनाळ्याचे लटारूभाऊ यांच्याकडून दहा रुपये बक्षीस, मंडळ आभारी आहे, जयभीम!" आणि नाव पुढे चालू लागली.

शगुफ्ताने डोकं धरलं. स्टेजवर असंच असतं. पेटीवर नोट पडली की देणाऱ्याचं नाव गाण्यातच घ्यायचं. नाही घेतलं तर तो रुसतो. बाईंच्या जिभेला ते इतकं वळणी पडलेलं, की नोट दिसली आणि नाव सुटलं. त्यांना कळलं नाही. लटारूभाऊंना तर त्यात गैर काही वाटायचंच नव्हतं. आणि शगुफ्ता? भोंग्यांच्या घरात वाढलेल्या तिच्या कानालाही ते खटकलं नाही. गाण्यात बक्षिसाचं नाव यायचंच, जशी फोडणीत मोहरी. नागपूरवाले काय म्हणतील! तिने घाईघाईने फोन लावला.

"राजदीपभाऊ, सीडी भेटली ना?"

"भेटली ना ताई! सगळं ऐकलं. एकदम मस्त. बाईने कमाल केली."

"ओपन झालं?"

"एकदम. काहीच प्रॉब्लेम नाही."

"ते पहिलं गाणं... दुसरं कडवं," ती चाचरत म्हणाली. "तिथं तुम्हाले काही वाटलं नाही?"

"नावेचं ना? अंगावर काटा आला ताई. एकदम साफ. तसंच ठेवतो."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

एकदम साफ? लटारूभाऊंसकट? या माणसाने सीडी ऐकली नव्हती. कदाचित पाकीटही फोडलं नव्हतं. मग तिला तो पोलंडचा की ब्राझीलचा माणूस आठवला, साधी फाइल कुठलाही स्टुडिओ घेतो म्हणणारा. मग 'राहू द्या, मशीनचा प्रॉब्लेम आहे म्हणून सांगतो' आठवलं. एकेक गोष्ट आपल्या जागी जाऊन बसत गेली, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या वेळी तिने ब्लोअर काढला नाही. राग ब्लोअरच्या पलीकडे गेला होता.

रविवारी राजदीप आईला भेटायला बल्लारपूरला येतो, हे तिला माहीत होतं. "एक दुरुस्ती आहे, पूल ओलांडून येऊन जा," असं तिने त्याला सांगितलं, आणि लटारूभाऊंच्या मोबाइलवर फोन करून बाईंनाही बोलावून घेतलं. कशासाठी ते कुणालाच सांगितलं नाही.

राजदीप आला, बाईंच्या पाया पडला, त्यांनी त्याच्या गालावरून हात फिरवला. "वाळला रे तू," त्या म्हणाल्या. शगुफ्ताने काही न बोलता पहिलं गाणं लावलं. तो मान डोलवत होता, बोटाने मांडीवर ताल धरत होता. दुसरं कडवं आलं. नाव वर्धेच्या मधोमध आली. लटारूभाऊंचं नाव आलं, बक्षीस आलं, जयभीम झालं.

त्याचं बोट थांबलं.

"अरे देवा!" अंजनाबाईंनी तोंडावर पदर धरला. "हे मी कवा म्हटलं व? राजदीप, तू काऊन सांगतलं नाई रे?"

"कसं सांगतील?" शगुफ्ता म्हणाली. "त्यांनी ऐकलंच नाही. एकदम साफ आहे म्हणाले मला. पाकीट तरी फोडलं का राजदीपभाऊ?"

राजदीप गॉगल हातात घेऊन काच पुसू लागला.

"बोला ना! रोजा धरून मी बसस्टँडच्या चकरा मारल्या. फाइल-फाइल गोळा करून आणली. मशीन चालत नाही म्हटलं, मी चालवून दाखवली. आता सांगा, कशासाठी चालवली?"

"ताई, मला वाटलं..." तो थांबला.

"काय वाटलं?"

"वाटलं, होणारच नाही तुमच्याकडून. अठ्ठ्याण्णववर ते चालतच नाही ना." तो बाईंकडे न बघता बोलत होता. "साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, शब्द छान आहेत, आवाज नको. आवाज जंगली वाटतो म्हणाले. ऑगस्टमध्येच एका मुलीकडून सगळं गाऊन झालं. पण मी बाईला कसं सांगू? मला तोंडच नव्हतं. म्हणून म्हटलं, मशीनच्या कारणाने झालं नाही असं होईल, तर बाईला वाईट नाही वाटणार."

म्हणजे नकार साहेबांचा, भित्रेपणा याचा, आणि पावती फाडायची शगुफ्ताच्या मशीनच्या नावावर! चुनाळ्यापासून गोंडपिपरीपर्यंत लोकांनी म्हणायचं, अयूबभाईच्या पोरीच्या डबड्यापायी बाईची सीडी राहिली. एखाद्याला नको म्हणायची हिंमत नसली की मशीन जुनी ठरवावी, रस्ता खराब ठरवावा, तारीख नाही म्हणावं. काहीही म्हणावं, फक्त खरं म्हणू नये. शगुफ्ताला त्याच्या शर्टाची कॉलर धरावीशी वाटली. तिने खुर्चीची पाठ धरली.

"लाज नाही वाटली?" ती म्हणाली. "ज्यांनी श्वास घ्यायला शिकवला, त्यांच्याशी असं?"

"थांब व पोरी," अंजनाबाई म्हणाल्या.

त्यांचा चेहरा एकदम थकल्यासारखा झाला होता, आणि शगुफ्ताला पहिल्यांदाच त्या म्हाताऱ्या वाटल्या. लटारूभाऊ खाली बघून सतरंजीचा धागा ओढत होते.

"जंगली म्हटलं साहेबानं?"

"हो बाई."

"आन ती पोरगी गायली? कडेवर मी होती, म्हणून?"

"हो."

"तिची माय गेलती का चालत?"

राजदीपच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी ते पाहिलं, पण या वेळी हात पुढे केला नाही.

"मले दुख होईन म्हणून तू लपवलं," त्या म्हणाल्या. "अन् दुख झालं त झालं असतं. पंचवीस साल स्टेजवर काढले, लोकाइनं चप्पलबी फेकून मारली हाय मले. मी मेली का? पन तू ह्या पोरीले उपाशी-तापाशी फिरवलं. माह्याकडून माही माय गाऊन घेतली, अन् ऐकलीबी नाई. हे नाई पटलं मले." मग त्यांनी हात पुढे केला, पण त्याच्या खिशाकडे बोट दाखवायला. "काढ फोन. लाव साहेबाले."

"कशाला बाई?"

"गानी भेटनार नाई म्हण. माहा आवाज नाई, त माहे शब्दबी नाई."

"बाई, तिकडं सगळं तयार आहे. कव्हर छापून झालं. फक्त गाण्यांची शेवटची सीडी माझ्याकडून जायची आहे. मी कसं सांगू? मला ते दुसरं काम देणार नाहीत."

"मले नाई म्हनता आलं नाई तुले. आता त्याले म्हण. कधीतरी शिकाच लागन ना."

राजदीपने फोन काढला. बराच वेळ त्याने तो नुसता धरून ठेवला, मग नंबर लावला. पलीकडे साहेबांनी उचलला. त्यांचा मोठा आवाज कनातींच्या भिंतीपर्यंत आला.

"सर, राजदीप बोलतोय. सर, ती गाणी... त्या बाई नाही म्हणताहेत सर—"

अंजनाबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"माहं नाव नको घेऊ," त्या हळूच म्हणाल्या. "मशीनचंबी नको घेऊ. तुह्या तोंडानं म्हण."

राजदीपने त्यांच्याकडे पाहिलं. मग शगुफ्ताकडे पाहिलं. ती अजून खुर्ची धरून उभी होती आणि तिचा राग तिळभरही उतरला नव्हता, उतरावा असं तिला वाटतही नव्हतं.

"सर, मी नाही म्हणतोय," तो म्हणाला. "ती गाणी मी देणार नाही."

पलीकडून आवाज चढला. शिव्याही आल्या असाव्यात. राजदीपने फोन कानापासून जरा दूर धरला, पण बंद केला नाही. तिकडचं सगळं संपेपर्यंत तो थांबला, आणि पुन्हा एकदा नाही म्हणाला. दुसऱ्यांदा त्याला पहिल्याइतका वेळ लागला नाही.